आगाखान महालातील बा

गेल्या हिवाळ्यात आमची सहल पुण्याला गेली होती. शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड असे सगळे पाहून झाल्यावर शेवटच्या दिवशी दुपारी सरांनी आम्हांला आगाखान महालात नेले. सगळे थकून गेले होते. परतीची गाडी रात्रीची होती, तोवर वेळ काढायचा म्हणून बऱ्याच जणी हिरवळीवर पाय सोडून बसल्या. मी आत गेले. एका खोलीसमोर सर सांगत होते, की २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधी याच वास्तूत वारल्या, आणि त्या वेळी त्या सरकारच्या कैदेत होत्या. कस्तुरबा म्हणजे गांधीजींच्या पत्नी, एवढेच मला शाळेपासून ठाऊक होते. आजारी माणूस कैदेत असताना त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र माझ्या घरात नुकताच येऊन गेला होता. म्हणून माझे पाय तिथेच थांबले.

घरची गोष्ट आधी सांगून टाकते. माझ्या मामांचे शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झाले, काठ्या निघाल्या, दोन्हीकडची माणसे पोलिसांनी नेली. मामांना मधुमेह आहे आणि रक्तदाबही. आई त्यांच्या गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून पोलीस ठाण्याच्या दाराशी दोन दिवस बसून राहिली. डबा आत गेला, पुडी गेली नाही. साहेब आल्यावर पाहू, असे तिला सांगण्यात आले. साहेब आले तेव्हा ते बंदोबस्ताला निघण्याच्या घाईत होते. तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मामा भोवळ येऊन पडले. न्यायाधीशांनी विचारपूस केली आणि तेव्हा कुठे त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. ज्या शिपायाने पुडी परत केली त्यानेच आईला प्यायला पाणी दिले होते, सावलीत बसवले होते, हेही लिहिले पाहिजे. तो काही दुष्ट नव्हता. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता, एवढेच.

सहलीहून आल्यावर मी ग्रंथालयातून कस्तुरबांविषयी मिळेल ते आणून वाचले. त्यांच्याबरोबर स्थानबद्ध असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी आठवणी लिहून ठेवल्या आहेत, गांधीजींचा त्या काळातला सरकारशी झालेला पत्रव्यवहारही छापलेला आहे. त्यांतून मला जे चरित्र उमगले ते इथे माझ्या शब्दांत मांडते.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली पोरबंदरला झाला. वडील गोकुळदास कापडिया हे व्यापारी होते, घर खाऊनपिऊन सुखी. मुलीला शाळेत घालण्याची त्या घरात रीत नव्हती. तेराव्या वर्षी लग्न झाले. नवराही तेवढाच. त्याला बायकोला शिकवायची फार हौस होती, पण दिवसा वडीलधाऱ्यांसमोर तिच्याशी बोलण्याची सोय नव्हती, आणि बायकोलाही त्याच्या मास्तरकीची गोडी नव्हती. त्यामुळे शिक्षण जेमतेम अक्षरओळखीपर्यंत येऊन राहिले. पहिले मूल काही दिवसांतच गेले. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास असे चार मुलगे झाले. १८९७ च्या जानेवारीत त्या दक्षिण आफ्रिकेत दरबानला उतरल्या. तिथली घरातली भांडणे, दागिन्यांवरून झालेले वाद हे गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. मी त्यांत शिरत नाही.

बांचा पहिला तुरुंग मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९१३ साली तिथल्या एका न्यायालयाने असा निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न लागलेली लग्ने कायद्याने लग्नेच नव्हेत. म्हणजे सगळ्या हिंदी बायका एका दिवसात बिनलग्नाच्या ठरल्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाली. तीत चार स्त्रिया होत्या आणि त्यांत चव्वेचाळीस वर्षांच्या बा होत्या. तीन महिने सक्तमजुरी झाली आणि पीटरमॅरित्झबर्गच्या तुरुंगात रवानगी झाली. बांचे त्या वेळी फलाहाराचे व्रत होते. तुरुंगाने तो आहार द्यायला आधी खळखळ केली. मग जो दिला तो खाण्याजोगा नव्हता. त्या आहारात तेल हाच मुख्य आधार होता. ऑलिव्हचे ते तेल आधी मिळेना, मिळाले ते जुने आणि खवट. तीन महिन्यांनी बा बाहेर आल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता, आणि त्या वाचतात की नाही अशी अवस्था झाली होती. कोणी त्यांना मारले नव्हते. नुसते जेवणाकडे दुर्लक्ष केले होते.

त्याच लढ्यात वलिअम्मा नावाची जोहान्सबर्गची एक तमिळ मुलगी तुरुंगात गेली होती. वय सोळा. ती ताप घेऊन बाहेर आली आणि थोड्याच दिवसांत, २२ फेब्रुवारी १९१४ ला वारली. बरोबर तीस वर्षांनी त्याच तारखेला बा गेल्या. हा योगायोग कोणी मला दाखवला नाही. वहीत तारखा एकाखाली एक लिहिताना तो दिसला आणि मी बराच वेळ वही तशीच उघडी ठेवली.

हिंदुस्थानात परतल्यावर बा चंपारणात खेड्यांतल्या बायकांना स्वच्छता शिकवत हिंडल्या, साबरमतीला आश्रमाचे स्वयंपाकघर सांभाळले, आणि १९३२-३३ च्या चळवळीत पुन्हा पुन्हा तुरुंगात गेल्या. त्याच १९३२ मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते आणि दर रविवारी गीतेवर बोलत होते, साने गुरुजी ते टिपून घेत होते. खानदेशात तुरुंग म्हटला की आपल्याला हेच आठवते, आणि आठवावेही. पण त्यामुळे आपली अशी समजूत होऊन बसली आहे, की मोठी माणसे तुरुंगात जातात ती ग्रंथ लिहायलाच. तिथे खोकला, जुलाब, ताप, सुजलेले पाय हेही असते आणि ते मोठ्या माणसांना सोडत नाही, हे आपण विसरतो. १९३९ साली राजकोट संस्थानातल्या सत्याग्रहासाठी बा आपण होऊन गेल्या. तेव्हा वय सत्तरीला टेकलेले, तब्येत तोळामासा. संस्थानाने त्यांना पकडून दूर खेड्यात नेऊन ठेवले.

आता १९४२. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत गांधीजींना पकडले. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. तिथे मी बोलेन, असे बांनी जाहीर केले, आणि सभेला निघताना त्यांनाही पकडण्यात आले. बरोबर सुशीला नय्यर होत्या. दोघींना आर्थर रोड तुरुंगात नेले. तिथे बांना जुलाब सुरू झाले. त्र्याहत्तर वर्षांची बाई, अंगात ताकद नाही, आणि जवळ असलेली डॉक्टर स्वतःच कैदी, तिच्या हातात औषध नाही. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, दोघींना पुण्यास आगाखान महालात आणले.

महाल म्हटल्यावर डोळ्यांसमोर ऐश्वर्य येते. १८९२ साली आगाखानांनी बांधलेली ती वास्तू आहेही देखणी. त्या वेळी तिच्याभोवती काटेरी तारा ओढल्या होत्या आणि रात्रंदिवस पहारा होता. बांवर कोणताही आरोप नव्हता, खटला नव्हता, शिक्षा नव्हती. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख तरी ठाऊक असते. स्थानबद्धाला तीही नसते. आणल्यानंतर पाचव्या दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय पन्नास. त्यांचे दहन महालाच्या आवारातच झाले. बा रोज त्या जागी जाऊन नमस्कार करीत. मुलासारखा माणूस आपल्यासमोर गेला आणि आपण म्हातारी मागे उरलो, हे त्यांच्या मनाने घेतले ते घेतलेच. पुढच्या फेब्रुवारीत गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. तोही बांनी उशाशी बसून काढला.

या कैदेत बा शिकत होत्या. गांधीजी त्यांना गुजराती आणि भूगोल शिकवीत. पाठ केलेले दुसऱ्या दिवशी आठवत नसे. एकदा त्यांनी लिहायला वही मागितली. अक्षर सुधारेपर्यंत सुट्या कागदांवर लिही, मग वही देऊ, असे गांधीजींनी सांगितले. बांना ते लागले. नंतर वही दिली तरी त्यांनी ती घेतली नाही. हा प्रसंग वाचताना मला गांधीजींचा राग आला. मोठ्या माणसांचा राग येणे बरे नव्हे असे म्हणतात, पण माझ्या आईने पंचाहत्तराव्या वर्षी वही मागितली तर मी तिला कोरी करकरीत वही आणून देईन, अक्षर कसेही असो.

बांना जुना खोकल्याचा विकार होता, श्वासनलिका सुजलेल्या असत. १९४३ मध्ये हृदयाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि वर्षाअखेर त्या वाढत गेल्या. आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून पुढे टेबल ठेवून त्यावर डोके टेकून त्या रात्री काढीत. सुशीला नय्यर तिथेच होत्या, हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर गिल्डर हेही तिथे स्थानबद्ध होते. म्हणजे डॉक्टर नव्हते असे नाही. उलट इतके चांगले डॉक्टर कोणत्या कैद्याला मिळाले असतील? मग अडले कुठे, तर रोग्याला हवा तो उपचार मागण्याच्या वाटेवर. बांना निसर्गोपचाराचे डॉ. दिनशा मेहता हवे होते आणि आयुर्वेदाचा वैद्य हवा होता. मागणी तुरुंगाधिकाऱ्याकडे, तिथून तुरुंगांच्या महानिरीक्षकाकडे, तिथून मुंबई सरकारकडे आणि तिथून दिल्लीला जायची. उत्तर त्याच पायऱ्यांनी खाली यायचे. तुरुंगाधिकारी कटेली माणूस भला होता, पण त्याच्या हाती काही नव्हते. दिनशा मेहतांना यायला फेब्रुवारी उजाडला. शुश्रूषेसाठी माणसे मागितली त्याचीही तीच कथा. मनू गांधी नागपूरच्या तुरुंगातून आधीच आल्या होत्या. जयप्रकाशांच्या पत्नी प्रभावतीदेवी भागलपूरच्या तुरुंगातून आणण्यात आल्या. कैद्याची सेवा करायला कैदीच!

लाहोरहून वैद्यराज शिव शर्मा आले तेव्हा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू होता. दिवसा त्यांना आत परवानगी होती, रात्री नाही. रोग तर रात्रीच बळावतो. तेव्हा या वैद्यांनी काय करावे? त्यांनी फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपायला सुरुवात केली. मध्यरात्री बांचा जीव घाबरा झाला की आधी आतला पहारेकरी उठवायचा, त्याने अधिकारी उठवायचा, मग कुलूप निघायचे, मग वैद्य आत यायचे. अशा काही रात्री गेल्यावर गांधीजींनी १६ फेब्रुवारीला सरकारला पत्र लिहिले. वैद्यांना रात्री आत राहू द्या, नाही तर बांना सोडा, आणि दोन्ही जमत नसेल तर मला इथून दुसरीकडे हलवा, म्हणजे तिचे हाल पाहत बसण्याची पाळी माझ्यावर येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानंतर परवानगी आली. तोवर उशीर झाला होता. दोनच दिवसांनी वैद्यांनी आपले उपाय थकल्याचे सांगितले.

मोटारीत झोपणारा तो वैद्य वाचताना मला पोलीस ठाण्याच्या दारातली आई दिसत होती, हे वेगळे सांगायला नको.

शेवटच्या दिवसांत मुले भेटीला येऊन गेली. हरिलाल एकदा दारूच्या अमलात आला, तेव्हा बांनी कपाळ बडवून घेतले. देवदासांनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवले. त्या काळी ते नुकतेच निघाले होते आणि मोठ्या मिनतवारीने मिळे. ते दर काही तासांनी टोचावे लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. जिच्या देहाने आधीच हात टेकले आहेत तिला आता छळू नये, असे त्यांचे म्हणणे. मूत्रपिंडे थांबत चालली होती, डॉक्टरांनाही आशा राहिली नव्हती, हे खरे. तरी मला वाटते, महिनाभर आधी ते मिळते तर? पण महिनाभर आधी तर अजून दिनशा मेहतांची परवानगी वर-खाली फिरत होती. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, महाशिवरात्रीच्या दिवशी, साडेसातच्या सुमारास गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून बा गेल्या. लग्नाला बासष्ट वर्षे होत आली होती. प्रेत मुलांच्या आणि आप्तांच्या ताब्यात देऊन सर्वांसमोर दहन करू द्यावे ही मागणी सरकारने मान्य केली नाही. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून, महादेवभाईंच्या शेजारी, तारांच्या आतच अग्नी देण्यात आला. आज तिथे दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत.

नंतर विलायतेच्या पार्लमेंटात सरकारतर्फे सांगण्यात आले, की त्यांना शक्य ते सर्व वैद्यकीय साहाय्य मिळाले होते. गांधीजींनी त्याला पत्राने उत्तर दिले आणि कोणती मागणी केव्हा केली व ती केव्हा मान्य झाली ते दाखवून दिले. बायको गेलेला माणूस तारखांचा हिशेब मांडत बसला आहे, हे चित्र मला फार दुःखाचे वाटते. पण तो हिशेब मांडला म्हणूनच आज आपल्याला खरे काय ते कळते. आमच्याकडे तसा हिशेब कोणी ठेवला नाही. गोळ्या केव्हा नेल्या, केव्हा नाकारल्या, कोणी नाकारल्या, याचा एक कागद नाही.

सरकारला हवे असते तेव्हा किती चटकन हालचाल होते, याचेही उदाहरण याच पुण्यात आहे. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे पोट दुखू लागले. आंत्रपुच्छाचा विकार निघाला. त्यांना ससून रुग्णालयात हलवून १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली तरी ती पार पाडली. आणि बांच्या पाठोपाठ, १९४४ च्या एप्रिलात गांधीजी हिवतापाने अंथरुणाला खिळले तेव्हा सरकारने ६ मे रोजी त्यांना सोडूनच दिले. एकाच महालात पावणेदोन वर्षांत दोन मरणे झाली होती, तिसरे सरकारला परवडणारे नव्हते.

आज कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांकडून मी तो समजून घेतला. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभे केले पाहिजे, हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. डी. के. बसू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, की कोठडीतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, आणि कलम ५६ प्रमाणे आरोपीच्या आरोग्याची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचे कर्तव्य आहे. वाचताना मला आश्चर्य वाटले. मामांच्या बाजूने एवढे सगळे होते तर!

अडचण कुठे येते तेही सरांनी दाखवले. मोठ्या तुरुंगात निदान एक डॉक्टर, एक औषधांचे कपाट असते. पोलीस ठाण्याच्या कोठडीत तेही नसते. माणसाला दवाखान्यात न्यायचे तर गाडी पाहिजे, बरोबर शिपाई पाहिजेत, नोंद पाहिजे. घरच्यांनी आणलेली गोळी द्यावी तर ती कसली, त्याने काही झाले तर जबाबदार कोण, ही भीती. त्यामुळे न देणेच सोपे पडते. तपासणी होते तीही बहुधा अंगावर मार आहे का, एवढी पाहण्यापुरती. रक्तातली साखर अंगावर दिसत नाही. बांच्या वेळी परवानगी दिल्लीपर्यंत जायची. आता ती ठाण्यातल्या एका टेबलापाशीच अडते, एवढा फरक म्हणावा लागेल.

हे सगळे मी आईला रात्री वाचून दाखवले. ती शाळेत गेलेली नाही, गांधीबाबांचे नाव तिला ठाऊक आहे, बांचे नव्हते. बाकीचे तिने ऐकून घेतले. वैद्य मोटारीत झोपत असे, तिथे मात्र मला थांबवून तिने पुन्हा वाचायला लावले. मग तिने विचारले, की त्या वैद्याकडे कागद होता का.

कसला कागद ते मला आधी कळेना. तिचे म्हणणे असे, की पुडीवर काही लिहिलेले नव्हते, म्हणून ती परत आली. गोळीचे नाव, आजाराचे नाव, किती वाजता द्यायची, डॉक्टरांची सही, असे काही असते तर शिपायाला ती घेता आली असती. त्याच रात्री तिने मला कागद घेऊन बसवले. मामांची गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून मी नावे उतरवली, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. दुसऱ्या दिवशी तिने तो गावातल्या डॉक्टरांकडे नेऊन शिक्का मारून आणला. मामांची केस अजून चालू आहे. दर तारखेला ते जळगावला जातात तेव्हा तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गोळ्यांसकट, त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असतो.

— द्वितीय वर्ष कला